ट्युनिशिया : जे न्यायालय उभेच राहिले नाही

अरब समाजांना लोकशाही मानवत नाही, असे आपल्याकडेही सहज बोलले जाते. ट्युनिशियाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचला, तर हे विधान टिकत नाही. तिथे लोकशाहीची ओढ जुनी आहे आणि तिच्या वाटेतले अडथळेही तितकेच जुने आहेत.

अरब जगातली पहिली लिखित राज्यघटना १८६१ मध्ये याच देशात लागू झाली. बे या राज्यकर्त्याच्या अधिकारांवर तिने मर्यादा घातल्या, नवी न्यायालये आणली. पण त्याच सुमारास राज्य कर्जात बुडत होते आणि ते फेडण्यासाठी 'मेज्बा' हा माणशी कर दुप्पट करण्यात आला. १८६४ मध्ये अंतर्भागातल्या टोळ्या अली बिन घधाहम यांच्या नेतृत्वाखाली उठल्या. कर कमी करा ही त्यांची मागणी होतीच, शिवाय नवी न्यायालये आणि राज्यघटनाही त्यांना नको होती. ज्या राजधानीतून कर आला, तिथूनच ही घटनाही आली होती. बेने ती स्थगित केली. पुढे राज्य दिवाळखोरीत गेले आणि १८८१ मध्ये फ्रेंच आले.

किनारपट्टी आणि अंतर्भाग यांच्यातली ही दरी स्वातंत्र्यानंतरही बुजली नाही. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाला. हबीब बुर्गिबा यांनी त्याच वर्षी कौटुंबिक कायदा करून बहुपत्नीत्वावर बंदी घातली, मुलींच्या शिक्षणावर भर दिला. सैन्य त्यांनी जाणीवपूर्वक लहान ठेवले. या निर्णयाचे महत्त्व २०११ च्या अरब उठावांत कळले: इजिप्तमध्ये सत्तेची सूत्रे लष्कराकडे गेली, ट्युनिशियात तसे झाले नाही. पण विरोधी पक्ष मात्र बुर्गिबांनी वाढू दिले नाहीत आणि १९७५ मध्ये ते तहहयात अध्यक्ष झाले. १९८७ मध्ये त्यांना बाजूला सारून झिन अल-अबिदिन बेन अली सत्तेवर आले. माणूस बदलला, राज्याचा साचा तोच राहिला.

या साच्यात एक संस्था मात्र पूर्णपणे कधीच बसली नाही. ती म्हणजे १९४६ मध्ये स्थापन झालेली कामगार संघटना, युजीटीटी. तिचे संस्थापक फरहात हाशेद यांची १९५२ मध्ये हत्या झाली, तेव्हापासून स्वातंत्र्यलढ्याचा वारसा तिच्याकडे आहे. जानेवारी १९७८ चा सार्वत्रिक संप तिने पुकारला आणि सरकारने तो गोळीबाराने चिरडला. २००८ मध्ये गाफ्साच्या फॉस्फेट खाणपट्ट्यातील बेरोजगार तरुण रस्त्यावर आले, तेव्हा स्थानिक पातळीवरचे युजीटीटीचे कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिदमध्ये फळे-भाजी विकणाऱ्या मोहम्मद बुअझिझीने स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतरचा संताप गावोगावी पसरला, त्यामागे युजीटीटीची ही जुनी घडण होती. १४ जानेवारी २०११ रोजी बेन अली देश सोडून पळाले.

२०१३ मध्ये शुक्री बेलाईद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन विरोधी नेत्यांच्या हत्या झाल्या आणि देश पुन्हा कड्यावर आला. युजीटीटी, उद्योजकांची संघटना, मानवाधिकार लीग आणि वकील परिषद या चौघांनी पक्षांना एका टेबलावर बसवले. एन्नाहदा या सत्ताधारी इस्लामवादी पक्षाने सरकार सोडण्याचे मान्य केले. जानेवारी २०१४ मध्ये नवी राज्यघटना मंजूर झाली आणि २०१५ चे शांततेचे नोबेल या चौकडीला मिळाले.

माझ्या मते खरी चूक यानंतर झाली. या घटनेने १२ सदस्यांचे घटनात्मक न्यायालय सांगितले होते. त्यातले चार संसदेने, चार अध्यक्षांनी आणि चार न्यायपरिषदेने, म्हणजे न्यायव्यवस्थेच्या सर्वोच्च परिषदेने, नेमायचे होते. संसदेतल्या निवडीसाठी दोन तृतीयांश मते लागत. पक्षांना एकमेकांची नावे पटेनात. वर्षांमागून वर्षे गेली, संसदेने एकच सदस्य निवडला. न्यायालय कागदावरच राहिले.

२५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष कैस सईद यांनी घटनेच्या कलम ८० चा आधार घेत संसद गोठवली. त्या कलमानुसार आणीबाणीतही संसद सुरू राहायला हवी होती आणि ३० दिवसांनंतर ही स्थिती चालू ठेवावी का, हे घटनात्मक न्यायालयाकडे विचारता येत होते. विचारायला न्यायालयच नव्हते. सईद स्वतः घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक होते, हे इथे नोंदवायलाच हवे.

त्या रात्री अनेक शहरांत लोकांनी जल्लोष केला. त्यांना दोष देणे मला पटत नाही. दशकभरात सरकारांमागून सरकारे आली, पण सिदी बुझिद, कास्रीन, गाफ्सा या अंतर्भागातल्या तरुणांच्या हाताला काम मिळाले नाही. कोविडमध्ये रुग्णालये कोलमडली होती. १८६४ प्रमाणेच, राजधानीतली घटना आपल्यासाठी आहे असे या भागाला वाटावे, यासाठी कुणी फारसे काही केले नव्हते.

पुढचे वेगाने घडले. २०२२ मध्ये न्यायपरिषद बरखास्त झाली, ५७ न्यायाधीशांना बडतर्फ केले गेले, अध्यक्षांच्या हाती सत्ता एकवटणारी नवी घटना आली. त्या वर्षीच्या डिसेंबरातल्या संसदीय निवडणुकीत मतदान जेमतेम ११ टक्के झाले. एन्नाहदाचे वयोवृद्ध नेते राशिद घन्नुशी एप्रिल २०२३ पासून तुरुंगात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सईद ९० टक्क्यांहून अधिक मते घेऊन पुन्हा निवडून आले, तेव्हा मतदानाला तीन मतदारांपैकी एकही धड आला नव्हता. जल्लोष करणारी गर्दी आता त्यांच्याही मागे राहिलेली नाही.