पार्श्वभूमी: रिजिड फोर्कची लांबी नेमकी कशावरून ठरते?

माउंटन बाइकचा सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्क्याने दबणारा दुपायी भाग) काढून तिथे रिजिड, म्हणजे न दबणारा, फोर्क बसवलेली सायकल बाजूने पाहिली, की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. पुढचा टायर आणि फोर्कचा वरचा जोड यांच्यामध्ये चांगली चार बोटं जाईल एवढी मोकळी जागा असते. चिखलासाठी एवढी जागा लागत नाही. ही जागा आहे काढून टाकलेल्या सस्पेन्शनची, आणि फोर्कबदलाचा सगळा इतिहास तिच्यात दडलेला आहे.

1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीच्या डोंगरउतारांवर जुन्या, जाड टायरच्या सायकली पळवल्या जात, तेव्हा सगळेच फोर्क रिजिड होते. 26 इंची चाकासाठी फोर्क चाकाच्या ॲक्सलपासून (आसापासून) वरच्या जोडापर्यंत सुमारे 400 मिमी लांबीचा असे आणि टायर जोडाच्या अगदी खालून फिरे. या लांबीला कुणी नावही दिलं नव्हतं, कारण तिची तुलना करायला दुसरं काही नव्हतंच.

1990मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथली पुरुषांची डाउनहिल शर्यत सस्पेन्शन फोर्क लावलेल्या सायकलने जिंकली. त्या फोर्कची चाल, म्हणजे तो जास्तीत जास्त किती दबतो ते अंतर, जेमतेम 50 मिमी होती. पुढे ती वाढतच गेली: 63, 80, मग 100. चाल वाढली की फोर्क लांब होतो, आणि फोर्क लांब झाला की सायकलचं नाक वर उचललं जातं, म्हणून फ्रेम बनवणाऱ्यांनी हेड ट्यूबची (फोर्क जिच्यात बसतो त्या पुढच्या नळीची) जागा आणि कोन त्या लांबीला जुळवून घेतले. खरा बदल इथे झाला. फोर्क नंतर कधीही बदलता येतो, पण फ्रेमच्या कोनांत त्याची लांबी कायमची बसलेली असते.

90च्या दशकाच्या शेवटी सिंगलस्पीडवाले, म्हणजे एकाच गिअरची सायकल चालवणारे, लोक रिजिडकडे परत वळले तेव्हा हे त्यांच्या लक्षात आलं. 100 मिमी चालीचा 26 इंची फोर्क साधारण 470 मिमी भरतो. स्वार बसल्यावर तो 20 मिमी दबला असं धरलं तरी 450 उरतात. त्या फ्रेमला जुना 400 मिमीचा फोर्क लावला, तर हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) जवळपास अडीच अंशांनी उभा होतो आणि बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या दांड्या जिथे बसतात तो भाग) 18-20 मिमी खाली येतो. उतारावर सायकल पुढे कोलमडायला बघते आणि दगडांवर पॅडल आपटतात. त्या काळात अनेकांनी ‘रिजिड म्हणजे त्रास’ असं ठरवून टाकलं ते असे आखूड फोर्क लावून, आणि माझ्या मते तो दोष रिजिडपणाचा नव्हताच.

यावर उपाय म्हणून ‘सस्पेन्शन करेक्टेड’ फोर्क आले, म्हणजे सस्पेन्शन फोर्कच्या लांबीला जुळवलेले रिजिड फोर्क. नाव सोपं आहे, पण गोंधळ त्या नावातच आहे. करेक्टेड म्हणजे किती चालीसाठी? 80 की 100? चाल ठरली तरी पुढचा प्रश्न उरतो: लांबी धरायची ती उभ्या, रिकाम्या सायकलच्या फोर्कची, की स्वार बसल्यावर दबलेल्या फोर्कची? या दबण्याला सॅग म्हणतात आणि तो चालीच्या साधारण 20 ते 25 टक्के ठेवतात. 29 इंची चाकाचा 100 मिमी चालीचा फोर्क 505 मिमीच्या आसपास लांब असतो. त्यातून सॅग वजा केला की 480 उरतात. ‘100 मिमीसाठी’ असा एकच शिक्का घेऊन 480चाही फोर्क विकला गेला आणि 500च्या जवळचाही. दोन्ही विक्रेते आपापल्या जागी खरं बोलत होते! गिऱ्हाइकाच्या हातात मात्र एक अंशाचा फरक पडत होता, कारण लांबीतले 20 मिमी म्हणजे हेड अँगलचा सुमारे 1 अंश आणि बॉटम ब्रॅकेटची 7-8 मिमी उंची.

सॅग वजा न करणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की फ्रेमच्या कोष्टकातला कोन रिकाम्या फोर्कवर मोजलेला असतो, तेव्हा रिजिडही तेवढाच लांब हवा. मला हे पटत नाही. रिकामी सायकल कुणी चालवत नाही. चालवताना हाताला जो कोन जाणवतो तो दबलेल्या फोर्कचा असतो. मात्र सॅग वजा केल्यावरही दोन्ही सायकली एकसारख्या होतात त्या फक्त सपाटीवर, शांत बसल्यावर. ब्रेक दाबला की सस्पेन्शन आणखी बुडतं आणि कोन अजून उभा होतो. रिजिड आहे तिथेच राहतो. उंच पायरीवरून उतरताना रिजिडची वागणूक जास्त भरवशाची वाटते ती यामुळे, हात कितीही हादरले तरी.

शिवाय मोजण्याचाही घोळ आहेच. लांबी मोजायची ती ॲक्सलच्या मध्यापासून क्राउन रेस (फोर्कच्या जोडावर बसणारी बेअरिंगची कडी) जिथे टेकते त्या कडेपर्यंत. कुणी टेप सरळ तिरका धरतो, कुणी स्टीअररला (फोर्कची हेड ट्यूबमध्ये जाणारी नळी) समांतर धरतो. 480च्या फोर्कला 45 मिमी ऑफसेट असेल, म्हणजे ॲक्सल स्टीअररच्या रेषेपुढे तेवढा असेल, तर दोन्हींत 2 मिमींचा फरक येतो, तो सोडून देता येईल. खरी चूक होते ती टेप जोडाच्या वरच्या उतारावर कुठेतरी टेकवल्यामुळे, तिथे 10 मिमी सहज इकडचे तिकडे होतात.

बाकीचा इतिहास जोडणीचा आहे. रिमवर दाबणारे व्ही-ब्रेक जाऊन ॲक्सलजवळची चकती पकडणारे डिस्क ब्रेक आले. फोर्कच्या डाव्या पायाच्या मागे बसवलेला डिस्क ब्रेक ॲक्सलला खाली ढकलतो, आणि खाली उघडणाऱ्या खाचेतून क्विक रिलीजचं (खटक्याने आवळलेलं) चाक निसटू शकतं, हा वाद 2003च्या सुमारास पेटला होता. काही रिजिड फोर्कच्या खाचा पुढच्या बाजूला उघडतात त्या याच कारणाने. नंतर दोन्ही पायांतून आरपार जाणारा 15 मिमी जाडीचा थ्रू ॲक्सल आला, आधी 100 आणि मग 110 मिमी रुंदीच्या हबसाठी, आणि प्रश्न बराचसा मिटला. स्टीअरर सरळ 1⅛ इंचाऐवजी खाली 1.5 इंच झाला. निमुळत्या हेड ट्यूबमध्ये सरळ स्टीअरर जुळवणीची रेस घालून बसतो, पण 1⅛ इंचाच्या जुन्या हेड ट्यूबमध्ये निमुळता स्टीअरर बसत नाही.

लोक फोर्क बदलतात त्यामागची कारणं मात्र फारशी बदलली नाहीत. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोंच्या घरात जातो आणि सील कोरडे पडले की धड दबतही नाही. चांगल्या एअर फोर्कचे (स्प्रिंगऐवजी हवेवर दबणाऱ्या) खालचे पाय साधारण 50 तासांच्या वापरानंतर उघडून तेल बदलावं लागतं. स्टीलचा रिजिड सव्वा किलोच्या आसपास भरतो, कार्बनचा पाऊण किलोच्या, आणि दोन्हींत उघडण्यासारखं काहीच नाही. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांमुळे फोर्कच्या पायांवर तीन बोल्टांच्या जागाही आल्या. पिशवी, पाण्याची बाटली, तंबूच्या काठ्या तिथे बांधता येतात. सस्पेन्शनच्या सरकत्या पायांवर हे एवढं सहज होत नाही.

गेल्या दशकात हिशेब पुन्हा विस्कटला. ट्रेलसाठीच्या (डोंगरवाटांच्या) हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर, आता 140-150 मिमी चालीचे फोर्क येतात. 29 इंची चाकावर त्यांची लांबी 550च्या पुढे जाते आणि सॅग वजा करूनही 515-520 उरतात. बाजारातले बहुतेक रिजिड 500च्या अलीकडेच थांबतात. उरलेली उंची काहीजण टायरमधून काढतात: 2.25ऐवजी 3 इंची टायर घातला की ॲक्सल सुमारे 15 मिमी वर उचलला जातो, आणि हवा कमी ठेवली तर थोडा मऊपणाही मिळतो. सुरुवातीला सांगितलेली ती चार बोटांची मोकळी जागा अशा सायकलींवर टायरने थोडी कमी झालेली दिसते.