पाटीची पाठ आधी

सोलापुरात दारावर नावाची पाटी लावायची म्हटलं की पहिला प्रश्न उन्हाचा. पश्चिमेच्या भिंतीवर ऑइल पेंट फार दिवस तग धरत नाही, स्टिकरच्या कडा सुटतात. एनॅमलची पाटी मात्र उन्हाला दाद देत नाही, कारण तिच्यावर असते ती काच. काचेची बारीक पूड धातूवर पसरून साधारण 800 अंश सेल्सिअसच्या भट्टीत घातली की ती वितळून धातूला घट्ट धरते. निळा रंग येतो कोबाल्टच्या ऑक्साइडमुळे, हिरवा तांब्याच्या, जांभळा मँगनीजच्या. जयपूरची मीनाकारी आणि आजीच्या वेळचा निळ्या काठाचा पांढरा टोप, दोन्हींमागचं विज्ञान एकच. भट्टी सोसून आलेल्या काचेला मे महिन्याचं ऊन ते काय!

एनॅमल बिघडतं ते बहुधा थंड होताना. तांब्याची 20 सेंटिमीटरची पट्टी 500 अंशांवरून घरच्या तापमानाला आली की सुमारे दीड मिलिमीटर आखडते. काच त्याहून कमी आखडते, आणि ती तशीच हवी. धातू जास्त आखडला की वरची काच दाबली जाते, आणि काचेला दाब सोसतो. ताण मात्र सोसत नाही. पण काच एकाच बाजूला असेल तर हाच दाब पातळ पत्र्याला वाकवतो. पत्रा वाकला की काच तडकते. म्हणून जाणता कारागीर पुढच्या चित्राला हात लावण्याआधी पाठीवर काचेचा थर देतो. भिंतीला टेकणारी, कुणाला कधीच न दिसणारी ही बाजू पाटी सपाट ठेवते. सपाट पत्र्यापेक्षा किंचित फुगीर पत्रा बरा. कोपरेही गोल करावेत, कारण टोकदार कोपऱ्यावर काच पातळ राहते आणि पहिला टवका तिथेच उडतो.

घरात पडून असलेली पितळी परात यासाठी वापरावी, असं हमखास सुचतं. तो मोह टाळावा. नेहमीच्या पितळेत तिसरा हिस्सा तरी जस्त असतं. भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होऊ लागते, काचेत बुडबुडे येतात आणि थर सुटतो. कल्हई केलेलं तांबंही नको. कथील 232 अंशांनाच वितळतं आणि भट्टीत तांब्याला खाऊ लागतं. तांबटाकडून मिलिमीटरभर जाडीचा कोरा पत्रा आणावा, हे सगळ्यात सोपं.

रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून चांदीच्या चपट्या तारा उभ्या करून छोटी घरं पाडतात. इथे रसायनशास्त्राची एक गंमत आहे. चांदी 962 अंशांना वितळते, तांबं 1085 अंशांना. पण दोन्ही एकमेकांना टेकले की जेमतेम 780 अंशांनाच तिथे वितळायला लागतात. म्हणून आधी पारदर्शक काचेचा थर भाजून घ्यायचा आणि त्यावर तार ठेवायची.

सरळ तार उभी राहत नाही, आडवी पडते. वळण दिलेली तार आपोआप उभी राहते. आपल्या गावात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड नावं दिसतात. तेलुगू-कन्नडची गोलाकार अक्षरं तारेत झटकन बसतात. देवनागरीची लांबलचक शिरोरेखा मात्र छळते. ती प्रत्येक अक्षरापाशी तोडावी किंवा तिला हलकासा बाक द्यावा. नाव वाचायला काही अडत नाही. चौकटीला नक्षी हवी असेल तर सोलापुरी चादरीची पायऱ्यापायऱ्यांची नक्षी घ्यावी. दर पायरीला तार काटकोनात वळते, त्यामुळे पडायचा प्रश्नच नाही.

काचेची पूड पाण्यात धुऊन वरचं दुधाळ पाणी ओतून टाकतात. ती अतिबारीक धूळ राहिली तर पारदर्शक रंग गढूळ दिसतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षारही तेच करतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरावं. पूड कोरडी हाताळताना मास्क लावावाच, जुन्या पद्धतीच्या काही रंगांत शिसं असतं.

भट्टीत पूड आधी काळवंडते, मग पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो आणि शेवटी गुळगुळीत. लहान तुकड्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. बाहेर काढल्यावर लाल रंग जवळपास काळा दिसतो. नवखा माणूस इथे घाबरून पाटी पुन्हा आत घालतो आणि खरोखरच करपवून बसतो. थांबावं, निवताना लाल परत येतो.

स्क्रूची भोकं भाजण्याआधीच पाडायची असतात. पाटी बसवायला येणारा माणूस ड्रिल घेऊनच येतो आणि भोक अर्धा इंच सरकलंय म्हणत ते पाटीवर टेकवतो. त्याला भिंतीत नवं भोक पाडू द्यावं, स्क्रूखाली रबरी वॉशर घालायला लावावा आणि शेवटचा आटा आपण स्वतः हातानेच, सैलसर आवळावा.