मेणावरचा आवाज कुणाचा?

ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात आवाज मेणाच्या नळीवर टिपत. अशा नळीवरचा आवाज म्हणजे एक बारीक खाच, तिची खोली आवाजाबरोबर कमीजास्त होत जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या आदिवासींची गाणी आणि गोष्टी अशा नळ्यांवर टिपल्या. एका नळीवर जेमतेम दोन-चार मिनिटं मावतात. तिथल्याच बर्कलेच्या विद्यापीठाकडे अशा 2,713 नळ्या आहेत आणि त्यांत 78 भाषा ऐकू येतात. यांतल्या कित्येक भाषा लहानपणापासून बोलत आलेलं आज कुणीही हयात नाही.

पंचाईत अशी, की नळी वाजवली की झिजते. सुई खाच खरवडत जाते. त्यात मेणाला बुरशी लागते, काही नळ्यांचे तर तुकडेच झालेले. उपाय सापडला तो भौतिकशास्त्रज्ञाकडे. कार्ल हेबर मूलकणांचा माग काढणारी उपकरणं बनवत. अतिसूक्ष्म खुणा अचूक मोजणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी सुईच काढून टाकली. प्रकाशाच्या साहाय्याने खाचेची खोली बिंदूबिंदूला मोजायची, पृष्ठभागाचा त्रिमित नकाशा तयार करायचा आणि सुई तिथून गेली असती तर कशी वरखाली झाली असती, हे संगणकाला काढायला लावायचं. नळीला धक्का न लागता आवाज हाती येतो. नकाशात तडे आणि बुरशीही दिसते, त्यामुळे त्यांची खरखर काही प्रमाणात वजा करता येते. विद्यापीठाचं ग्रंथालय, भाषाशास्त्र विभाग आणि मानवशास्त्र संग्रहालय यांनी मिळून हे काम हाती घेतलं.

आवाज स्वच्छ झाला. आता तो इंटरनेटवर टाकायचा का? ग्रंथपालाचा हात साहजिकच तिकडे वळतो. ज्ञान सर्वांना खुलं असावं हे तत्त्व मलाही प्रिय आहे. पण काही गाणी ठरावीक ऋतूतच म्हणायची असतात, काही फक्त वैदूने, काही फक्त बायकांनी. गायकाने शंभर वर्षांपूर्वी एका संशोधकासमोर तोंड उघडलं, म्हणून साऱ्या जगाला ऐकायची मुभा मिळाली असं कसं धरायचं?

ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू आदिवासींबरोबर अभ्यासक किंबर्ली क्रिस्टन यांनी यावर तोडगा काढला, तो ‘मुकुर्तू’ या संगणकप्रणालीचा. पुढे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने ती वाढवली. यात प्रत्येक फोटो, प्रत्येक ध्वनिमुद्रण कुणी पाहावं-ऐकावं याचा नियम तो समाज स्वतः लावतो: एखादी गोष्ट कुटुंबापुरती, एखादी फक्त पुरुषांसाठी, एखादी सर्वांना खुली. माणूस वारला की त्याच्या फोटोआधी सूचना दाखवायचीही सोय आहे, कारण तिथल्या अनेक समाजांत मृताचा चेहरा अचानक समोर येणं क्लेशदायक मानतात. एरवी ग्रंथालयाच्या सूचीत यासाठी रकानाच नसतो.

सूचीचं दुखणं जुनंच. अमेरिकेतल्या मेन राज्यात 1890 मध्ये मानवशास्त्रज्ञ जेसी फ्यूक्स यांनी पासामाक्वॉडी जमातीचे आवाज टिपले. त्या नळ्या आधी हार्वर्डला आणि मग लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेल्या, आणि संग्रहाला नाव राहिलं ते टिपणाऱ्याचं. अलीकडे त्यांच्या डिजिटल प्रती जमातीकडे परतल्या. जमातीतले जाणते लोक त्या ऐकून शब्द लावतात, नोंदींत त्यांच्या भाषेतली शीर्षकं भरतात. कुठलं गाणं जाहीर करायचं, हेही तेच सांगतात.