पट्टा सुटला, यंत्र उरलं: जुन्या सुतारी यंत्रांची पार्श्वभूमी

इंग्लंड-अमेरिकेत जुनं सुतारी यंत्र घ्यायला निघालेला जाणकार माणूस किमतीकडे नंतर वळतो. त्याचे पहिले प्रश्न वेगळेच असतात. बेअरिंग ओतीव व्हाइट मेटलचं, म्हणजे मऊ मिश्रधातूचं, की बॉल बेअरिंग? रंधा मशीनचा कटर चौकोनी की गोल? मोटर अंगातच आहे की बाहेरून पट्टा येतो? एवढ्यावरून यंत्राचं वय बरंचसं ताडता येतं आणि ते चालवायचं की नुसतं पुसून ठेवायचं, हेही ठरतं. या प्रश्नांमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातली बरीच यंत्रं झिजून बाद झालेली नाहीत. त्यांना फिरवायची रीत बदलली आणि ती कोपऱ्यात गेली.

सुरुवात जहाजाच्या कप्प्यांपासून झाली. शिडाचे दोर ओढायला लाकडी कप्प्या लागत. ७४ तोफांच्या एका युद्धनौकेवर त्या हजाराच्या आसपास असत आणि ब्रिटिश नौदलाला दरवर्षी लाखभर लागत. सॅम्युएल बेंथम यांनी १७९३ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांचं एक लांबलचक पेटंट घेतलं होतं. पुढे त्यांच्याच पाठिंब्यानं अभियंते मार्क ब्रुनेल यांनी कप्प्या बनवणाऱ्या यंत्रांची मालिका आखली आणि हेन्री मॉड्स्ली यांनी ती धातूत घडवली. पोर्ट्समथच्या गोदीतली ही ४५ यंत्रं १८०८ पर्यंत वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या काढू लागली. ११० कसबी कारागिरांचं काम दहा साध्या मजुरांवर आलं. त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी नौदलासाठी सागवानी नौका बांधत होती. १८१७ साली इथे पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' १८१९ मध्ये त्याच पोर्ट्समथला पोचली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. कप्प्यांची काही यंत्रं लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये पाहायला मिळतात.

मॉड्स्लींचा धडा सगळ्यांनी लगेच घेतला नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच यंत्रांची चौकट लाकडीच होती. ती हादऱ्यानं सैल झाली, कुजली, जळणात गेली. म्हणून आज बाजारात येणारा बहुतेक माल त्यानंतरचा, ओतीव लोखंडाचा असतो.

पेटंटांनीही या धंद्याला बराच काळ वेठीला धरलं. विल्यम वुडवर्थ यांना १८२८ मध्ये फळ्या रंधून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. मुदत वाढवत वाढवत ते थेट १८५६ पर्यंत चाललं. तोवर त्या पद्धतीनं फळी रंधायची तर पेटंटवाल्यांचा हप्ता चुकत नसे. बँड सॉ, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या अखंड पट्टीसारख्या पात्याची करवत, तिची अडचण निराळी होती. विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्येच तिचं पेटंट घेतलं, पण पात्याचा सांधा टिकेना. चाकावरून सतत वाकणारं पातं जोडाशी तुटायचं. फ्रान्समध्ये १८४६ साली आन पोलिन क्रेपँ या बाईंनी पातं जोडण्याची रीत पेटंट केली, त्यानंतर पॅरिसच्या पेरँ कंपनीनं पाती सुधारली, आणि मगच बँड सॉ कारखान्यात रुळली. कल्पना आणि वापर यांत जवळपास पन्नास वर्षं गेली, तीही एका सांध्यापायी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कारखाना कसा चाले हे समजायला आपल्याकडची जुनी पिठाची गिरणी आठवावी. इंजिन एकीकडे, जातं दुसरीकडे आणि मध्ये फटफटत धावणारा रुंद पट्टा. तो घसरू लागला की गिरणीवाला त्याला राळ लावायचा. सुतारी कारखान्यात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर असे. छताखाली लांबच लांब शाफ्ट, त्यावर डझनावारी पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून एकेका यंत्राकडे उतरणारा चामडी पट्टा. यंत्र बंद करायचं म्हणजे पट्टा शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचा. शाफ्ट मात्र दिवसभर फिरतच असे.

हे सगळं ज्यावर फिरे ते व्हाइट मेटल. कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा हा मिश्रधातू. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये त्याच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, म्हणून तिकडे त्याला बॅबिटच म्हणतात. पुनरुज्जीवन करणाऱ्यांना सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते, आणि माझ्या मते ती अनाठायी आहे. जुना धातू वितळवून काढायचा. शाफ्ट जागेवर अगदी समतल बसवायचा. धातू चिकटू नये म्हणून त्यावर ज्योतीची काजळी धरायची. दोन्ही टोकं मातीसारख्या लगद्यानं बुजवायची आणि लोखंड तापवून घ्यायचं, कारण थंड किंवा ओलसर लोखंडावर वितळलेला धातू पडला तर तो तोंडावर उडतो. रस तयार झाला का हे पाहायला त्यात पाइनची काडी बुडवतात. काडी काळी पडली तर ठीक, पेटली तर रस जास्त तापलाय. मग न थांबता एका दमात ओतायचं. पुढचं काम शाफ्टला निळा रंग लावून, तो जिथे उमटेल ते उंचवटे खरवडत बसण्याचं. संध्याकाळभर खरवडल्यावर शाफ्ट बोटानं फिरतो तेव्हा कळतं की या बेअरिंगला झीज ही अडचणच नव्हती. ते झिजून पुन्हा ओतण्यासाठीच केलेलं होतं.

चौकोनी कटरच्या बाबतीत मात्र मी एवढा उदार नाही. हातानं लाकूड ढकलायच्या जुन्या रंधा मशीनच्या कटरचा आडवा छेद चौरस असे आणि पाती त्याच्या बाजूंवर बोल्टनं कसलेली असत. फिरताना कोपरे पुढे येत आणि कोपऱ्यांमधल्या पोकळीत बोटं, कधी अख्खा हात, ओढला जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात गोल कटर आला. त्यात फट इतकी अरुंद की इजा झालीच तर बोटाच्या टोकापुरती. ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनी हातानं लाकूड ढकलायच्या रंधा मशीनला गोल कटर सक्तीचा केला. तरीही चौकोनी कटरची यंत्रं आजही हौसेनं विकली जातात. 'मूळ स्थितीत आहे' असं विक्रेता कौतुकानं सांगतो. असं यंत्र दिवाणखान्यात ठेवावं, नाहीतर गोल कटर बसवून घ्यावा. तिसरी वाट नाही.

मग वीज आली. आधी एका मोठ्या मोटरनं जुनाच शाफ्ट फिरवला, नंतर प्रत्येक यंत्राला आपली मोटर मिळाली, आणि १९२० च्या आसपास मोटर थेट कटरच्याच शाफ्टवर बसू लागली. बॉल बेअरिंगही याच काळात आली. छताखालचा शाफ्ट उतरला, तशी पट्ट्यावरची धडधाकट यंत्रं एका फटक्यात जुनी ठरली. दुसऱ्या महायुद्धात भंगार गोळा करण्याच्या मोहिमांनी त्यातली किती गिळली याची मोजदाद नाही.

संग्राहक ज्यांच्या मागे असतात ती यंत्रं बहुतांशी मोटर अंगात आल्यानंतरची: अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्सच्या ऑलिव्हरची, इंग्लंडमधल्या लेस्टरच्या वॉडकिनची. दोघांचंही चांगलं गिऱ्हाईक म्हणजे फाउंड्रीचे पॅटर्नमेकर. ओतकामासाठी आधी लाकडी पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, लागतो आणि त्यात चुकीला जागा नसते. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे शाळा. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानं अमेरिकेत व्यवसायशिक्षणाला केंद्राचा पैसा मिळाला आणि शाळांतून चांगल्या प्रतीच्या सुतारी कार्यशाळा उभ्या राहिल्या. पुढे सीएनसीमुळे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांमुळे, लाकडी पॅटर्न कमी झाले, शाळांनी कार्यशाळा बंद केल्या, आणि ही यंत्रं लिलावात भंगाराच्या भावानं निघाली. आजच्या हौशी मंडळींचा साठा मुख्यतः तिथला आहे.

स्वस्त मिळण्याचं कारण वजन. ३६ इंची चाकांची बँड सॉ टनाच्या आसपास भरते, सगळा भार वर आणि बूड अरुंद. ती उभी नेताना ट्रक वळला की कलंडते. पाठीवर निजवून नेणं बरं. ओतीव लोखंड दाब पेलतं, पण धक्का बसला की काचेसारखं तडकतं. म्हणून दोर टेबलाला किंवा शाफ्टला बांधायचा नाही, मुख्य अंगाखालून घालायचा. बाकी साहित्य जगभर सारखंच: पहार, पाइपचे रोलर, लाकडी ठोकळे, चेन ब्लॉक आणि घाई नसलेली चार माणसं.

घरी आणल्यावर तिकडच्या माणसापुढे शेवटचा पेच विजेचा. कारखान्याच्या मोटरी थ्री फेजच्या, घरात सिंगल फेज. मग सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारा फेज कन्व्हर्टर नाहीतर व्हीएफडी (इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावावा लागतो. मोटर कटरच्या शाफ्टवरच बसवलेली असेल तर बदलताही येत नाही. जळली तर तीच रिवाइंड करायची. पट्ट्यावरच्या आजोबा यंत्राला हा त्रास नाही. त्याच्या पुलीला हव्या त्या मोटरचा पट्टा चढवा, ते फिरतं.