गच्चीवरची डिश आणि 25 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल

इंदूरमध्ये टीव्हीच्या डिश बहुतेक दक्षिणेकडे तोंड करून असतात. रामबागेतल्या एखाद्या गच्चीवर ती पश्चिम-नैऋत्येला वळलेली आणि क्षितिजापासून जेमतेम 29 अंश वर रोखलेली दिसली, तर घरात कुणीतरी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, आहे असं खुशाल समजा. त्या दिशेला क्यूओ-100 आहे. हौशी रेडिओसाठी ट्रान्सपाँडर (आलेला सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत पाठवणारं यंत्र) असलेला हा पहिला भूस्थिर उपग्रह 15 नोव्हेंबर 2018 रोजी सुटला.

त्याआधीचे हौशी उपग्रह बहुतेक खालच्या कक्षेतले. आपला हॅमसॅट (2005) 435 मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकायचा आणि 145 वर बोलायचा. त्यामागे हिशेब होता: साध्या अँटेनांवर कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल कमी क्षीण होतो, शिवाय डॉप्लर सरकही, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरकही, कमी. 145 वर ती तीन-साडेतीन किलोहर्ट्झ, 435 वर तिप्पट. त्याच कक्षेतून 10 गिगाहर्ट्झवर दोनशेच्याही पुढे गेली असती. क्यूओ-100 आपल्या दृष्टीने जागचा हलत नाही, म्हणून त्याला 10,489.75 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणं परवडतं. एवढ्या वर छोटी डिशही भरपूर सिग्नल गोळा करते.

पण इतकी फ्रिक्वेन्सी थेट ऐकणारा रिसीव्हर कुणाकडे असतो? इथे टीव्हीचाच युनिव्हर्सल एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसून फ्रिक्वेन्सी खाली आणणारा डबा, कामाला येतो. त्यातला ऑसिलेटर, म्हणजे ठरलेली फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग, 9,750 मेगाहर्ट्झचा. वजाबाकी होऊन उरतात 739.75 मेगाहर्ट्झ, आणि ते स्वस्तातला यूएसबी एसडीआर (संगणकाला जोडायचा रेडिओ रिसीव्हर) सहज पकडतो. एलएनबीला 13 व्होल्ट द्यायचे, कारण व्हर्टिकल पोलरायझेशन, म्हणजे उभ्या पातळीतल्या लहरी, हव्यात. इंदूरहून तो स्वतःभोवती बराच पिळूनही बसवावा लागतो.

खरी कसोटी ऑसिलेटरची. पीएलएल एलएनबीत, म्हणजे ज्याचा ऑसिलेटर क्रिस्टलला बांधलेला असतो त्यात, 25 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि 9,750 म्हणजे त्याची 390 पट. क्रिस्टल दहा लाखांत एका भागाने, म्हणजे फक्त 25 हर्ट्झने सरकला, तरी वर 9,750 हर्ट्झचा फरक पडतो. एसएसबीवरचं (हॅम आवाजासाठी वापरतात त्या अरुंद पद्धतीवरचं) बोलणं सगळं मिळून 2,700 हर्ट्झमध्ये मावतं! मे महिन्यात, भर दुपारी तापलेल्या एलएनबीत साधा क्रिस्टल बसवून ठेवणं म्हणजे ऐकू येणारा माणूस वाक्याच्या मध्येच हातचा घालवणं. म्हणून पहिला खर्च टीसीएक्सओवर, म्हणजे तापमान बदललं तरी फारसा न सरकणाऱ्या क्रिस्टल ऑसिलेटरवर, करा, मोठी डिश नंतर. उरलेली सरक 10,489.75 वरच्या बीकनला (उपग्रहावरून सतत येणाऱ्या खुणेच्या सिग्नलला) धरून सॉफ्टवेअर भरून काढतं.

बोलायचं असेल तर अपलिंक, म्हणजे उपग्रहाकडे पाठवायचा सिग्नल, 2,400 मेगाहर्ट्झवर आहे. त्याला हॅमचा परवाना लागतोच. आणि त्या परवान्यात हा बँड बसतो का, ते ट्रान्समीटर जोडायच्या आधी तपासून घ्या.