पेटंट नक्की कशावर मिळतं? गोठवलेले मासे, अँटेना आणि कोडची गोष्ट

फ्रोझन फूडचा शोध क्लॅरेन्स बर्ड्सआयने लावला असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, पण ते खरं नाही. १९१२ पासून पुढची काही वर्षं तो आजच्या कॅनडातल्या लॅब्राडॉरमध्ये होता, तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडायचे, मासा पाण्याबाहेर आला की बघता बघता कडक व्हायचा आणि काही महिन्यांनी वितळवून खाल्ला तरी ताजा लागायचा. म्हणजे पटकन गोठवायची युक्ती त्या लोकांना कधीपासूनच माहीत होती. मग १९३० साली अमेरिकेत बर्ड्सआयला पेटंट मिळालं ते कशावर? तर खोक्यात अन्न घट्ट भरायचं आणि ते खोकंच अतिथंड धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये दाबून धरायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी उष्णता झपाट्याने निघून जाते आणि आतल्या मालाचा एकसंध ठोकळा होतो, या पद्धतीवर. हळूहळू गोठवलं तर उणे १ ते उणे ५ अंशांच्या पट्ट्यात अन्न बराच वेळ अडकून राहतं, बर्फाचे स्फटिक मोठे होत जातात, पेशी फाटतात आणि वितळल्यावर सगळं पाणी सुटून लिबलिबीत होतं. तो पट्टा भरकन ओलांडला की स्फटिक बारीक राहतात. हे निसर्गाचं वागणं आहे, त्यावर कुणाचाच हक्क नाही, हक्क होता तो त्या विशिष्ट पद्धतीवर.

पेटंट समजून घेताना बहुतेकांची गल्लत इथेच होते. पेटंटच्या कागदात पानंच्या पानं वर्णन असतं, आकृत्या असतात, पण कायद्याने संरक्षण मिळतं ते क्लेम म्हणून नंबर टाकून लिहिलेल्या वाक्यांना. एखाद्या बातमीत 'अमक्याने तमक्याचं पेटंट घेतलं' असं आलं की मी तरी आधी पहिला क्लेम उघडून बघतो, पेटंटचे सगळे कागद इंटरनेटवर फुकट वाचता येतात आणि दहातल्या नऊ वेळा बातमीपेक्षा क्लेम खूपच अरुंद निघतो. व्यवहार असा असतो की शोध कसा करायचा ते इतकं उघड करून सांगायचं की त्या विषयातल्या दुसऱ्या माणसाला वाचून तो करता यावा, आणि त्याबदल्यात अर्जाच्या तारखेपासून साधारण २० वर्षं इतरांना रोखायचा हक्क मिळतो, तोही ज्या देशात घेतला तिथेच. मुदत संपली की तो सगळ्यांचा.

आणि गंमत म्हणजे आपली पद्धत का चालते हे शोध लावणाऱ्याला माहीत असायलाच हवं असंही नाही. निकोला आपेरने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून ती उकळत्या पाण्यात ठेवायची पद्धत काढली, त्याने पेटंट न घेता १८१० मध्ये फ्रेंच सरकारचे १२,००० फ्रँक घेतले आणि अटीप्रमाणे सगळी कृती छापून टाकली. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडला पत्र्याच्या डब्यासकट अशाच पद्धतीचं पेटंट मिळालं. जंतूंमुळे अन्न नासतं हे पाश्चरने दाखवलं ते त्यानंतर जवळपास ५० वर्षांनी! तोपर्यंत डबे व्यवस्थित विकले जात होते.

फूड प्रोसेसिंगवाल्यांकडे अजून एक रस्ता असतो, तो म्हणजे गप्प बसायचं. कारखान्यात किती तापमानाला किती मिनिटं काय केलं हे तयार पाकिटावरून सहज ओळखता येत नाही, त्यामुळे पुष्कळ गोष्टी पेटंट न घेता गुपित म्हणूनच ठेवल्या जातात. अँटेनाचं तसं नाही. ती उघड्यावर असते, कुणीही टेपने मोजून तशीच दुसरी बनवू शकतो, म्हणून तिथे पेटंटशिवाय फारसा इलाज नसतो.

छपरावर दिसणारी, आडव्या दांड्यांची माशाच्या काट्यासारखी अँटेना तुम्ही पाहिली असेल, ती यागी-उदा अँटेना. १९२० च्या दशकात जपानच्या तोहोकू विद्यापीठात ती तयार झाली. तिच्यातला फक्त एक दांडा वायरला जोडलेला असतो, बाकीचे नुसतेच असतात. मागचा थोडा लांब, पुढचे थोडे आखूड. लहर आली की या न जोडलेल्या दांड्यांमध्येही करंट तयार होतो आणि ते स्वतः लहरी सोडायला लागतात, लांबी वेगवेगळी असल्याने कुणाची लहर किंचित पुढे तर कुणाची किंचित मागे पडते, आणि अंतरं नीट जमवली की पुढच्या दिशेला सगळ्या लहरींची बेरीज होते आणि मागच्या दिशेला वजाबाकी. वेगळी वीज नाही, काही हलणारं नाही, नुसत्या लांबी आणि अंतराच्या हिशोबावर अँटेना एका दिशेला 'बघायला' लागते, मला तर हे आजही फार सुंदर वाटतं. बरंचसं प्रयोगाचं काम शिंतारो उदांनी केलं होतं, पण पेटंटवर नाव आलं हिदेत्सुगु यागींचं, ते हक्क परदेशी कंपन्यांकडे गेले आणि जगभर नुसतं 'यागी' हेच नाव पसरलं. उदांचं नाव मागे पडलं हे मला अजिबात पटत नाही, म्हणून निदान आपण तरी दोघांचं नाव घेऊया. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला ब्रिटिशांच्या रडारच्या टिपणांत 'यागी' हा शब्द सापडला, त्यांना काही केल्या अर्थ लागेना, शेवटी पकडलेल्या ब्रिटिश तंत्रज्ञाने सांगितलं की हे तुमच्याच प्रोफेसरचं नाव आहे.

रडारमधूनच एक वाट परत स्वयंपाकघरात येते. रेथिऑन कंपनीत रडारसाठी मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या नळ्या, बनवणाऱ्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळल्याची गोष्ट सांगितली जाते, पण त्याचं पेटंट (अर्ज १९४५, मंजुरी १९५०) उघडून बघितलं तर त्यात घरातला ओव्हन नाहीच, सरकत्या पट्ट्यावरून पदार्थ जाताहेत आणि त्यांच्यावर मायक्रोवेव्ह सोडल्या जाताहेत अशी रचना आहे. म्हणजे ते सरळसरळ फूड प्रोसेसिंगचंच पेटंट म्हणायला हवं.

आता सॉफ्टवेअर, आणि इथे खरी ओढाताण आहे, कारण कोड म्हणजे शेवटी गणित आणि गणितावर पेटंट मिळत नाही. अमेरिकेत १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर रबराच्या साच्याची केस आली. रबर किती वेळ शिजवायचं याचं सूत्र, आऱ्हेनियस समीकरण, जुनंच होतं, पण अर्ज करणाऱ्यांनी साच्याच्या आतलं तापमान सतत मोजून कॉम्प्युटरला दिलं, तो पुन्हा पुन्हा हिशोब करत राहिला आणि बरोबर वेळ झाली की साचा उघडला. कोर्ट म्हणालं की हक्क समीकरणावर मागितलेला नाही, रबर बनवायच्या पद्धतीवर मागितलाय, मग चालेल. २०१४ मध्ये त्याच कोर्टाने आर्थिक व्यवहारातल्या मध्यस्थाची जुनीच कल्पना नुसती कॉम्प्युटरवर चढवली म्हणून पेटंट देता येणार नाही असा निकाल दिला. माझ्या मते ही रेघ बरोबर ठिकाणी आहे, कोडमुळे बाहेरच्या जगात काहीतरी तांत्रिक फरक पडायला हवा, फक्त प्रत्यक्षात ती रेघ ओढताना वकिलांचे हाल होतात.

वाय-फायचं उदाहरण घ्या. जॉन ओ'सुलिव्हन हा ऑस्ट्रेलियन इंजिनिअर १९७० च्या दशकात फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओ सिग्नल शोधत होता, ते काही सापडले नाहीत, पण पसरून धूसर झालेला सिग्नल साफ करायचं गणित हातात राहिलं. पुढे सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत त्याच्या टीमने तेच गणित घरातल्या वायरलेससाठी वापरलं. खोलीत सिग्नल भिंतींवर आपटून अनेक वाटांनी, थोडा थोडा उशिरा पोचतो आणि एकमेकांवर चढतो. यावर उपाय म्हणजे एकच वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी डेटा बऱ्याच फ्रिक्वेन्सींवर वाटून सावकाश पाठवायचा, म्हणजे प्रतिध्वनी आला तरी अक्षर पुसलं जात नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, मग मोठ्या कंपन्यांशी कोर्टात लढाया झाल्या आणि संस्थेला ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर्सच्या वर रक्कम मिळाली. २०१३ मध्ये मुदत संपली.

तारखेचा घोळ किती महाग पडतो ते आरएसए या एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात लपवायच्या, पद्धतीत दिसतं. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची पद्धत १९७७ मध्ये आधी मासिकात छापून आली आणि पेटंटचा अर्ज त्याच डिसेंबरमध्ये गेला. अमेरिकेत छापल्यानंतर एक वर्षाची सवलत असते म्हणून तिथे १९८३ मध्ये पेटंट मिळालं, बाकी बहुतेक देशांत आधी जाहीर झालं की नावीन्य संपलं आणि पेटंटही गेलं. संशोधन करणाऱ्या पोरांना मी हे नेहमी सांगतो, आधी अर्ज, मग पेपर.

सध्याचा वाद तर याहून पुढचा आहे. स्टीफन थेलर यांनी डाबुस नावाच्या आपल्या एआय सिस्टीमलाच शोधकर्ता दाखवून अनेक देशांत अर्ज केले, आणि त्यातला एक शोध होता अन्नाचा डबा! त्याच्या भिंती फ्रॅक्टल आकाराच्या, म्हणजे वळणात वळण असलेल्या, त्यामुळे डबे एकमेकांत अडकतात, पकडायला सोपे जातात आणि उष्णताही लवकर आतबाहेर होते. असेच फ्रॅक्टल आकार छोट्या जागेत लांब वाहक बसवायला अँटेनातही वापरतात. दक्षिण आफ्रिकेने २०२१ मध्ये पेटंट दिलं, पण तिथे अर्जातल्या शोधाची सखोल तपासणी होत नाही. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की शोधकर्ता माणूसच असायला हवा, अमेरिकेच्या कोर्टानेही तेच म्हटलं. मात्र अर्ज छापून आलेले असल्यामुळे ती रचना आता प्रायर आर्टमध्ये, म्हणजे आधीच जाहीर असलेल्या माहितीत, जमा झालीय, म्हणजे उद्या एखाद्या माणसाने स्वतःच्या नावाने नेमका तोच डबा पेटंटसाठी नेला तरी नवा नाही म्हणून तो परत पाठवला जाईल.