ऑनर सोसायटी

ऑनर सोसायटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-युनिव्हर्सिट्यांमधे अभ्यासात वरच्या नंबरात असलेल्या मुलामुलींना सभासद करून घेणारी संस्था. आपल्याकडे सोसायटी म्हटलं की मेंटेनन्स, पार्किंग आणि एजीएममधली भांडणं आठवतात, गावाकडे पीककर्ज देणारी सोसायटी आठवते, त्यातलं इथे काही नाही. ही सोसायटी राहायची नाही आणि कर्जाचीही नाही, पण पैसे मात्र इथेही भरावे लागतात, आणि मराठी घरांत हा विषय निघतो तो बहुतेक त्यावरूनच. मुलगा किंवा मुलगी एमएसला गेली, एक-दोन सेमिस्टरचे रिझल्ट लागले, की एक दिवस मेल येतो: अभिनंदन, तुमची निवड झाली आहे, अमुक तारखेच्या आत इतके डॉलर भरून सभासदत्व पक्कं करा. स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर पडतो, आत्या-मामा टाळ्यांचे इमोजी टाकतात आणि बाबा विचारतात, "मान देतायत तर पैसे कसले मागतायत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला जरा मागे जावं लागतं.

त्याआधी एक घोळ मिटवू. या संस्थांची नावं बहुतेक ग्रीक अक्षरांची असतात, फाय बीटा कॅपा, टाउ बीटा पाय, फाय कॅपा फाय वगैरे, त्यामुळे पिक्चरमधे दिसणाऱ्या फ्रॅटर्निटी आणि या एकच असं वाटतं. फ्रॅटर्निटी (मुलांची) आणि सोरॉरिटी (मुलींची) म्हणजे एकत्र राहणं, पार्ट्या, नवीन मुलांची रॅगिंगसारखी परीक्षा घेणं, त्यांची स्वतःची घरं असतात. ऑनर सोसायटीला घर नसतं, वर्षातून एखादा समारंभ, थोडी मीटिंग आणि थोडं समाजकार्य, बस. एकच मुलगा दोन्हीकडे असू शकतो, ते वेगळं. पण दोन्हींचा उगम मात्र एकाच ठिकाणी सापडतो, आणि तिथेच ही गोष्ट सुरू होते.

सुरुवात: फाय बीटा कॅपा

५ डिसेंबर १७७६. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावात विल्यम अँड मेरी कॉलेजची पाच पोरं एकत्र जमली आणि त्यांनी फाय बीटा कॅपा सुरू केली. अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून जेमतेम पाच महिने झाले होते, युद्ध चालू होतं (आपल्याकडे त्याच वर्षी मार्चमधे पुरंदरचा तह झाला होता, म्हणजे इंग्रज दोन्हीकडे बिझी होते). मीटिंगांसाठी त्यांची आवडती जागा म्हणजे गावातल्या रॅले टॅव्हर्न नावाच्या खाणावळवजा दारूच्या गुत्त्यातली अपोलो रूम. पहिला अध्यक्ष जॉन हीथ. कॉलेजात आधी एक दुसरी गुप्त मंडळी होती, तिने हीथला घेतलं नाही म्हणून त्याने स्वतःची काढली असं सांगतात, खरं असो नसो, मनुष्यस्वभावाला धरून आहे.

नावातली तीन अक्षरं म्हणजे 'फिलॉसॉफिया बिऊ कुबरनेटीस' या ग्रीक वाक्याची आद्याक्षरं, अर्थ असा की ज्ञानाची ओढ हीच आयुष्याचं सुकाणू धरणारी. हिंजवडीत बसून रोज कुबरनेटीस नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना ओळखीचं वाटलं असेल, तोच शब्द आहे, जहाजाचं सुकाणू धरणारा, कोकणातल्या होडीवरचा तांडेल म्हणा ना.

सुरुवातीला सगळं गुप्त होतं, शपथ, हात मिळवायची खास पद्धत, खुणा. काम काय, तर निबंध वाचायचे, वाद घालायचे, आणि वर्गात प्रोफेसर ज्यावर बोलू देणार नाहीत त्यावर बोलायचं. आज जसं मार्क बघून घेतात तसं तेव्हा नव्हतं, मित्र मित्राला आणायचा. एलिशा पार्मेली नावाचा एक सभासद उत्तरेकडे निघाला तेव्हा त्याच्याकडे शाखा काढायची सनद दिली, त्यातून १७८० मधे येल आणि १७८१ मधे हार्वर्डची शाखा उभी राहिली, आणि ते बरंच झालं, कारण १७८१ च्या जानेवारीत इंग्रज फौजा व्हर्जिनियात घुसल्या आणि मूळ शाखा बंदच पडली. त्याच ऑक्टोबरात, विल्यम्सबर्गपासून जवळच, यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शरणागती पत्करली. हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि टिपूविरुद्ध मराठ्यांना बरोबर घेऊन लढला. शाळेत तो आपल्याला कायमधाऱ्याच्या धड्यात भेटलेला असतो.

थोडक्यात रोपटं मुळात वाळलं आणि फांदीवर जगलं. मूळ शाखा कायमची सुरू व्हायला १८९३ उजाडलं.

गुप्तपणा कसा गेला तेही बघण्यासारखं आहे. १८२६ मधे न्यूयॉर्क राज्यात विल्यम मॉर्गन नावाचा माणूस फ्रीमेसन या गुप्त मंडळीची गुपितं छापणार म्हणून बोंब झाली आणि तो गायबच झाला, तो पुन्हा दिसला नाही. त्यावरून देशभर गुप्त मंडळ्यांविरुद्ध संतापाची लाट आली, आणि त्या वातावरणात हार्वर्डच्या शाखेने १८३१ मधे शपथेतला गुप्ततेचा भाग काढून टाकला. तिथून पुढे हळूहळू ती मित्रांची मंडळी न राहता हुशार विद्यार्थ्यांचा मान झाली.

हार्वर्डच्या शाखेपुढे ३१ ऑगस्ट १८३७ ला एमर्सन या अमेरिकन लेखक-विचारवंताने 'द अमेरिकन स्कॉलर' हे गाजलेलं भाषण केलं, युरोपच्या तोंडाकडे बघणं सोडा आणि स्वतःच्या डोक्याने विचार करा असा त्याचा सूर. गंमत म्हणजे एमर्सन स्वतः कॉलेजात मधल्या नंबरातला, त्याला मानद सभासद म्हणून नंतर घेतलं. संस्थेचं १९३२ पासून निघणारं त्रैमासिक याच भाषणाच्या नावाने आहे.

बायकांना पहिल्यांदा घेतलं ते १८७५ मधे व्हरमाँट विद्यापीठाच्या शाखेने, आणि दोनच वर्षांनी त्याच शाखेने जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन या जन्माने गुलाम असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला निवडलं. इंजिनिअरांच्या टाउ बीटा पायने मात्र बायकांना पूर्ण सभासदत्व द्यायला १९६९ साल उजाडू दिलं, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला तेव्हा.

किल्ली

फाय बीटा कॅपाची खूण म्हणजे एक छोटी सोनेरी किल्ली. आधी ते नुसतं चौकोनी चांदीचं पदक होतं, एका बाजूला तीन ग्रीक अक्षरं, तीन तारे आणि कोपऱ्यातून ताऱ्यांकडे बोट दाखवणारा हात, दुसऱ्या बाजूला लॅटिन नावाची आद्याक्षरं आणि स्थापनेची तारीख. मग एकोणिसाव्या शतकात त्याला खालून दांडी जोडली, कारण तेव्हा खिशातल्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागे आणि पदकानेच ते काम व्हायचं. घड्याळं गेली, दांडी राहिली. कोटाच्या साखळीला ती किल्ली लटकलेली दिसली की माणूस शिकलेला आहे हे न बोलता कळायचं.

बाकीच्या

फाय बीटा कॅपा घेते फक्त साहित्य, इतिहास, गणित, मूलभूत विज्ञान अशा विषयांची मुलं. इंजिनिअर, एमबीएवाले बाहेर. त्यामुळे दुसरे लोक आपापली दुकानं काढणार हे उघड होतं. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात एडवर्ड विल्यम्स हे प्रोफेसर स्वतः फाय बीटा कॅपाचे, त्यांना वाटलं की आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना काहीच नाही, म्हणून १८८५ मधे त्यांनी टाउ बीटा पाय काढली. तिची खूण 'बेंट', म्हणजे पुलाच्या खालच्या आधाराच्या चौकटीचा आकार. कित्येक कॅम्पसवर हा बेंट माणसाच्या उंचीचा उभा केलेला असतो, आणि नव्या सभासदांना छोटा ओतीव बेंट घेऊन तो कानस आणि पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावा लागायची पद्धत आहे. आयटीआयच्या फिटिंग शॉपमधे ज्याने चौकोन घासलाय त्याला हे काम किती किचकट ते सांगायला नको. निवड ज्युनियर, म्हणजे तिसऱ्या वर्षातल्या वरच्या एक अष्टमांशातून आणि सीनियर, म्हणजे चौथ्या वर्षातल्या वरच्या एक पंचमांशातून.

पुढच्याच वर्षी, १८८६ ला कॉर्नेलमधे सिग्मा झाय निघाली, ती संशोधन करणाऱ्यांची. १८९७ मधे मेन विद्यापीठात फाय कॅपा फाय, हिचं वेगळेपण असं की कुठल्याही विषयाचा विद्यार्थी चालतो, ज्युनियरमधले वरचे साडेसात टक्के, सीनियर आणि मास्टर्समधले वरचे दहा टक्के. ती काढण्यात पुढाकार मार्कस युरॅन या विद्यार्थ्याचा, आणि हाच माणूस पुढे क्रॅनबेरीच्या धंद्यात पडून डब्यातला क्रॅनबेरी सॉस विकायला लागला, ओशन स्प्रे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक तो. एमबीएवाल्यांची बीटा गॅमा सिग्मा, इलेक्ट्रिकलवाल्यांची १९०४ सालची इटा कॅपा नू, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांसाठी १९१८ ची फाय थीटा कॅपा, कॉम्प्युटरवाल्यांची उप्सिलॉन पाय एप्सिलॉन, अशी रांगच आहे, जवळजवळ प्रत्येक विषयाची एकेक.

आपली मुलं जास्त करून इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर किंवा मॅनेजमेंटच्या मास्टर्सला जातात, म्हणजे सगळ्यात जुनी आणि मानाची जी फाय बीटा कॅपा ती त्यांच्या वाट्याला जवळपास येतच नाही. तिथे अर्ज करायची सोयच नाही, कॉलेजातलेच जे प्रोफेसर सभासद आहेत ते बसून यादी काढतात आणि मत देतात. अमेरिकेतल्या साधारण १० टक्के कॉलेजांतच तिची शाखा आहे, आणि त्या कॉलेजांतूनही त्या विषयांच्या वरच्या साधारण १० टक्के मुलांना घेतात. संस्थेच्या हिशेबाने १७ अमेरिकन राष्ट्राध्यक्ष तिचे सभासद.

पैसे कसले

आता बाबांचा प्रश्न. आपल्या डोक्यात मान म्हणजे बक्षीस, आणि बक्षिसात पैसे आपल्याला मिळतात. पेशव्यांच्या वेळी श्रावणात ब्राह्मणांना वाटायच्या दक्षिणेचा पैसा इंग्रजांनी पुढे शिक्षणाकडे वळवला आणि त्यातून दक्षिणा फेलोशिप निघाली, न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर दोघंही दक्षिणा फेलो. मॅट्रिकला संस्कृतमधे पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९१२ मधे ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली, म्हणजे पुढचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि अर्थमंत्री. अमुक शेठजींच्या स्मरणार्थ सुवर्णपदक, तमुक मंडळाचा गुणगौरव, शाल आणि नारळ, सगळीकडे देणारा एक आणि घेणारा दुसरा. अमेरिकन ऑनर सोसायटी हे बक्षीस नाहीच, ती सभासदांची संस्था आहे, जिमखान्यासारखी. ऑफिस चालवायचं, सर्टिफिकेट छापायचं, स्कॉलरशिपा द्यायच्या ते सगळं सभासदांच्या पैशातून. म्हणून फी आहे म्हणून फ्रॉड आहे असं समजायचं कारण नाही, जुन्या आणि भल्या संस्थाही फी घेतात, फाय कॅपा फाय आणि सिग्मा झायला तर दरवर्षी वर्गणी भरून सभासदत्व चालू ठेवावं लागतं.

पण फी भरायच्या याच सवयीचा फायदा घेणारेही निघाले. मोठं नाव, सोनेरी सील, आणि ज्याला त्याला मेल. तुझा जीपीए (मार्कांची सरासरी) किती ते त्यांना माहितीच नसतं, तूच फॉर्ममधे भरायचा. बहुतेक युनिव्हर्सिट्यांच्या वेबसाइटवर आता यासाठी वेगळी सूचनाच असते. ओळखायचं कसं तर मेलमधली भाषा बघू नका, ती सगळ्यांची सारखीच गोड असते, आपल्या कॅम्पसवर शाखा आहे का, तिचा सल्लागार म्हणून इथला एखादा प्रोफेसर आहे का, आणि मला नेमकं कुणी निवडलं, हे तीन प्रश्न डिपार्टमेंटच्या ऑफिसात जाऊन विचारा. ऑफिसातल्या बाईंनी नावच ऐकलेलं नसेल तर पैसे खिशात ठेवा. या संस्थांवर नजर ठेवणारी एक संघटनाही १९२५ पासून आहे, असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज, तिच्या नियमाप्रमाणे एका विषयापुरत्या सोसायटीने वर्गातल्या वरच्या ३५ टक्क्यांच्या खाली जायचं नाही आणि सगळ्या विषयांच्या सोसायटीने वरच्या २० टक्क्यांच्या खाली नाही. त्या यादीत नाव असेल तर चांगलंच, नसेल तर लगेच खोटी असं मात्र नाही, खुद्द फाय बीटा कॅपा त्यात नाही.

उपयोग

पदवीदान समारंभात गळ्यात रंगीत दोरी घालायला मिळते, प्रत्येक सोसायटीचा रंग वेगळा, काहींच्या गळ्यात इतक्या दोऱ्या असतात की पडद्याच्या दुकानातून आल्यासारखे दिसतात. फोटो छान येतो. रेझ्युमेवर एक ओळ होते, पहिली नोकरी लागेपर्यंत तिला थोडी किंमत, नंतर कुणी विचारत नाही. स्कॉलरशिपा खऱ्या असतात पण अर्ज करावा लागतो, आणि बरेच सभासद तो करतच नाहीत, फी भरून विसरून जातात.

एक पक्का फायदा आहे तो अमेरिकन केंद्र सरकारच्या नोकरीत. नुसत्या पदवीवर जीएस-५ या पगाराच्या ग्रेडला सुरुवात होते, पण मान्यताप्राप्त ऑनर सोसायटीचं सभासदत्व दाखवलं तर जीएस-७ ला घेता येतं. त्या नोकऱ्या बहुतेक अमेरिकन नागरिकांनाच, म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या पोराला त्याचा काही उपयोग नाही. ग्रीन कार्डच्या ईबी-१ या प्रकारामधे 'असामान्य कामगिरीवर सभासदत्व देणाऱ्या संस्था' असा एक निकष आहे आणि मराठी ग्रुपांवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं की माझी अमुक सोसायटी त्यात चालेल का. सहसा नाही चालत, कारण तिथे त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी कामगिरी तपासून दिलेलं सभासदत्व लागतं, जीपीएवर मिळालेलं नाही.

न्यू जर्सी-कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मराठी मुलांना याची ओळख कॉलेजच्या आधीच होते. हायस्कूलसाठी १९२१ मधे सुरू झालेली नॅशनल ऑनर सोसायटी आहे, तिथे मार्कांबरोबर समाजकार्यही बघतात, आणि मग हे तास भरून काढायला मुलं लायब्ररीत पुस्तकं लावतात, देवळात प्रसादाच्या लाइनीत वाढायला उभी राहतात, किंवा रविवारच्या मराठी शाळेत छोट्यांना बाराखडी गिरवायला बसवतात आणि जाताना बाईंकडून फॉर्मवर सही घेऊन जातात.